बडवणं आणि वाजवणं

युनिसेफने २०२१ साली जगभरातल्या मुलांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल काढला. त्यासाठी २१ देशांतल्या तरुणांना एक साधा प्रश्न विचारला होता. मनाचा काही त्रास असेल तर कुणाशी बोलून आधार घ्यावा, की आपलं आपणच निस्तरावं? या देशांची सरासरी काढली तर १५ ते २४ वयाच्या ८३ टक्के तरुणांना बोलून मदत घेणं बरं वाटत होतं. भारतात असं म्हणणारे फक्त ४१ टक्के निघाले, सगळ्या देशांत सर्वांत कमी. त्रास नाही म्हणून बोलत नाहीत, असं मात्र नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळला होता. विकारापर्यंत न पोचणारी घालमेल तर अशा सर्वेक्षणांच्या जाळ्यात सापडतच नाही. परीक्षा, तुटलेली मैत्री, घरातली धुसफूस, अंगात होणारे बदल, या सगळ्यावर मुलांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘काही नाही’. मोठी माणसं त्याला हट्ट समजतात. पण आजीची कॉट, टीव्ही आणि अभ्यासाचं टेबल जिथे एकाच भिंतीला लागून आहे, तिथे मुलाने मन मोकळं करायचं कुठे? शिवाय मुलग्याने रडायचं नाही आणि मुलीने आवाज चढवायचा नाही, ही शिकवण दहाव्या वर्षाच्या आत पक्की झालेली असते. अशा मुलासमोर खुर्ची ओढून ‘बोल, मोकळेपणाने बोल’ म्हणणं म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याला विहिरीच्या काठावर उभं करण्यासारखं आहे.

तर मग त्यांना वाजवू द्या, नाचू द्या, गाऊ द्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते सांगतात ते बरोबरच आहे. कारण मात्र चुकीचं देतात. ढोलावर चार टोले हाणले की रग जिरते, आत कोंडलेली वाफ निघून जाते, पोरगं शांत होतं, असं हे कारण असतं. ऐकायला पटतं, पण पुरावा उलट बोलतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवलं. त्यांनी लिहिलेल्या निबंधावर बोचरे शेरे मारले. मग काहींना ठोसे मारायची पिशवी दिली आणि शेरे मारणाऱ्याचा चेहरा मनात आणून मारा म्हणून सांगितलं. काहींना व्यायाम समजून मारायला सांगितलं. उरलेल्यांना नुसतं बसवून ठेवलं. शत्रूचा विचार करत ठोसे मारणारे सर्वांत जास्त चिडलेले राहिले, पुढे संधी मिळाली तेव्हा जास्त आक्रमकही झाले. काहीही न करता बसलेले सर्वांत कमी. म्हणजे राग ‘काढल्याने’ निघत नाही, उलट त्याची तालीम होते. ढोल ही जर चामडं ताणलेली ठोशांची पिशवीच असेल, तर मुलांच्या हाती टिपरू देणाऱ्यांनी पुन्हा विचार करायला हवा.

पण तो तसा नाही. हे समजायला जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या नदीपात्रात, पुलाखाली किंवा एखाद्या शाळेच्या मैदानावर चालणारा ढोल-ताशा पथकाचा सराव पाहावा. मिरवणूक नव्हे, सराव. ढोल कमरेला बांधलेला असतो. उजव्या हातातल्या टिपरूचा टोला एका पानावर पडतो आणि डाव्या हाताचा पंजा दुसऱ्या बाजूच्या जाड, घुमणाऱ्या पानावर थाप देतो. समोर ताशेवाले असतात, बारीक काड्यांचा सपासप मारा करणारे. हुकूम त्यांचा चालतो. नवा वादक पहिल्या दिवशी जोर लावून मारतो आणि त्याला लगेच थांबवलं जातं. त्याला शिकायचं असतं ते मारणं नव्हे, तर मधली मोकळी जागा राखणं. दोन टोल्यांमध्ये किती थांबायचं, शेजारच्याचा हात कधी खाली येतो, ताशा आता हात, म्हणजे ठेक्याची रचना, बदलायला सांगतोय की तोच हात पुढे चालवायला. पंज्याला फोड येतात, बोटांना चिकटपट्ट्या लागतात, पण पहिल्या पंधरवड्यात खरी दमछाक होते ती कानाची. एकाने घाई केली की सगळी रांग फाटते, आणि ती कुणामुळे फाटली हे सगळ्यांना ऐकू येतं. आता या मुलाच्या डोक्यात वडिलांशी सकाळी झालेलं भांडण असेल, तर ते डोक्यात ठेवून त्याला हा ठेका धरता येत नाही. ताकद तीच लागते, दंडही तेवढेच भरून येतात, पण लक्ष शत्रूवरून उठून शेजाऱ्यावर येतं. बुशमनच्या प्रयोगातली पिशवी आणि पथकातला ढोल यांतला मुख्य फरक मला हाच दिसतो. पिशवी ज्याच्यावर राग आहे त्याच्याकडे नेते. ढोल त्याच्यापासून सोडवून सोबत वाजवणाऱ्यांकडे वळवतो. बडवायला एकटा माणूस पुरतो. वाजवायला, निदान या प्रकारचं वाजवायला, दुसऱ्याचं ऐकावंच लागतं.

हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. ब्राझीलमधल्या २६४ शाळकरी विद्यार्थ्यांवर ब्रॉनविन टार आणि रॉबिन डन्बार यांच्या गटाने केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांनी एका लयीत, एकसारख्या हालचाली केल्या, काहींनी एकाच वेळी वेगवेगळ्या. काहींनी घाम गाळून, काहींनी बसल्या जागी. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून वेदना कुठवर सोसवते ते तपासलं. शारीरिक श्रमाने सोसण्याची ताकद वाढली, यात नवल नाही. पण श्रमाचा भाग वेगळा काढला तरी निव्वळ एका लयीत हलण्यानेही ती वाढली, आणि सोबतच्या मुलांबद्दलची जवळीकही वाढली. नुसती रग जिरत असती तर श्रमाचा परिणाम पुरेसा होता; लय स्वतःचं काही वेगळं करते. त्याआधी २०१० साली किर्शनर आणि टॉमासेलो यांनी जर्मनीतल्या चार वर्षांच्या मुलांत असंच पाहिलं होतं. एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली मुलं नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली, तर तोच खेळ संगीताशिवाय खेळलेली कमी. लॉस एंजेलिसमध्ये पाचवीच्या, अल्प उत्पन्न गटातल्या मुलांसाठी शाळेतल्या समुपदेशकांनी १२ आठवडे सामूहिक ढोलवादन घेतलं, तिथे शिक्षकांना मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसली. लंडनमध्ये मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या प्रौढांच्या गटात १० आठवड्यांच्या वादनानंतर नैराश्य आणि चिंता कमी झाल्याचं २०१६ साली नोंदलं गेलं, आणि तीन महिन्यांनंतरही ते टिकून होतं. या अभ्यासांतले बरेच लहान आहेत. लंडनच्या अभ्यासात तर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आपण होऊन आलेली माणसं होती. त्यामुळे ढोल हे औषध आहे असा डंका पिटायला हा पुरावा पुरत नाही. इतकं मात्र कळतं, की वेगवेगळ्या ठिकाणचे निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि ती दिशा वाफेची नसून सोबतीची आहे.

इथे एक प्रश्न उरतोच. लय साधली, जवळीक झाली, पण मुलाला जे वाटतं ते बाहेर आलं का? याचं सर्वांत विचारपूर्वक उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या व्हीटबेल्ट भागात होलिओक या संस्थेने २००३ साली ‘ड्रमबीट’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, तो मुख्यतः आदिवासी मुलांसाठी. समोर बसवून प्रश्न विचारण्याचे समुपदेशकांचे रूढ मार्ग या मुलांपाशी थकले होते. तिथे मुलं गोल करून जेंबे हा आफ्रिकी ढोल वाजवतात आणि मधे मधे थांबून बोलतात. बोलायचा विषय मात्र थेट ‘तुझ्या घरी काय चाललंय’ हा नसतो. आत्ता ठेका कशामुळे मोडला? कोण दुसऱ्याला वाजवूच देत नव्हतं? एकट्याने वेगळा ठेका धरून ठेवताना कसं वाटलं? अशा प्रश्नांवरून बोलणं हळूहळू मैत्री, दबाव, राग, घर इथवर येतं. मला या रचनेतलं शहाणपण यात वाटतं, की ढोल बोलण्याला पर्याय म्हणून ठेवलेला नाही. त्याने बोलण्यासारखं काहीतरी आधी घडवून आणलेलं असतं. ज्या मुलाला स्वतःच्या मनाविषयी एक वाक्य जुळवता येत नाही, त्याला आत्ताच मोडलेल्या ठेक्याविषयी चार वाक्यं सहज सांगता येतात. आपल्याकडच्या पथकांत सराव संपल्यावर चहाच्या टपरीवर जे होतं ते याच जातीचं असतं. फक्त ते कुणी ठरवून केलेलं नसतं, आणि ज्याला त्या कोंडाळ्यात जागा मिळत नाही तो तसाच घरी जातो.

‘हल्लीच्या मुलांच्या कानात दिवसभर संगीत असतंच की’, असा एक आक्षेप येतो. असतं, आणि ते निरुपयोगी नाही. फिनलंडच्या सुवी सारिकॅलिओ यांनी किशोरांशी बोलून दाखवलं आहे, की ही मुलं दिलासा मिळवायला, मन दुसरीकडे वळवायला, काय घडलं ते उलगडून पाहायला गाण्यांचा जाणीवपूर्वक वापर करतात. ऑस्ट्रेलियातल्या २०१५ च्या एका अभ्यासात चिडलेल्या श्रोत्यांना त्यांचं आवडतं कर्कश मेटल संगीत ऐकू दिलं, तर ते आणखी चिडले नाहीत, उलट बरं वाटलं म्हणाले. मुलाच्या खोलीतून येणाऱ्या धडधडाटाने घाबरणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. पण सँड्रा गॅरिडो यांचं संशोधन दुसरी बाजूही दाखवतं. ज्यांना एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळायची सवय आहे, त्यांना उदास गाणी आणखी खोल नेऊ शकतात. हेडफोनमधलं गाणं ऐकणाऱ्याकडे दाद मागत नाही, त्याला थांबवत नाही, त्याची लय चुकली म्हणून मागे वळून पाहत नाही. तीच त्याची मर्यादा आहे.

यापेक्षा गंभीर आक्षेप शिस्तीविषयीचा आहे, आणि तो घ्यायला आपल्याकडे कुणी फारसं धजत नाही. पथकात मुलं भावना व्यक्त करतात की फक्त हुकूम पाळतात? व्हेनेझुएलात होसे अँतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली ‘एल सिस्तेमा’ उभी केली. गरीब वस्त्यांतल्या मुलांना वाद्यवृंदात आणून त्यांचं आयुष्य बदलायचं, ही तिची ख्याती जगभर झाली. २०१४ साली ब्रिटिश अभ्यासक जेफ्री बेकर यांनी तिथे राहून लिहिलेल्या पुस्तकात या चित्राच्या चिंधड्या केल्या. वरून खाली चालणारा धाक, तासन् तास तेच ते घोटणं, आणि मुलाच्या स्वतःच्या म्हणण्याला जवळजवळ शून्य जागा. २०१७ साली तिच्याच १६ केंद्रांतल्या २,९१४ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुलांचा स्वतःवरचा ताबा सुधारल्याचं दिसलं आणि हिंसेचा अनुभव असलेल्या मुलग्यांचं आक्रमक वागणं कमी झालं. पण इतरांशी जुळवून घेणं, आपुलकी, यांत एकूण मुलांमध्ये फरक आढळला नाही. मला हा निकाल फार बोलका वाटतो. कडक कवायतीने ताबा येतो. माणसं जोडली जातील याची हमी मिळत नाही. म्हणून माझा मुद्दा असा नाही की शिस्त आहे म्हणजे झालं. लय ही चौकट आहे, आणि चौकट मुलाच्या उपयोगी तेव्हाच पडते जेव्हा तिच्या आत त्याला स्वतःचं काही घालता येतं. आपल्या पथकांत रचना वर्षानुवर्षं त्याच वाजतात, त्या ठरवतात जुने वादक, आणि सोळा वर्षांची मुलगी नवा हात बसवून दाखवते म्हणाली तर तिला किती वेळ मिळतो, हे प्रत्येक पथकप्रमुखाने स्वतःशी तपासून पाहावं. मुलींच्या हाती ढोल आला हीच मोठी गोष्ट होती. त्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेचा वाटा मोठा आहे. पण ढोल हाती येणं आणि काय वाजवायचं ते ठरवता येणं, या दोन पायऱ्या आहेत.

चौकट कुणी लादली यावर किती काही अवलंबून असतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. हलगी गावोगाव वाजत होती, पण ती वाजवणाऱ्या मांग आणि महार कुटुंबांतल्या पोरांना तो सूर कुठल्याही मोकळेपणाचा वाटला असेल असं समजायला काही कारण नाही. ते जातीने नेमलेलं काम होतं. पाटलाच्या दारी मयत असो की लग्न, बोलावलं की जायचं, आणि स्वतःच्या दारी काय चाललंय ते वाद्यावर आणायचं नाही. गावकीची कामं टाका, हे आंबेडकरी चळवळीचं आवाहन याच मुळावर घाव घालत होतं. त्याच समाजांतून आलेल्या तरुणांनी आणि त्यांच्या साथीदारांनी पुढे ताल हातात ठेवला आणि शब्द बदलले. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसे उभे केले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा अण्णा भाऊ चोविशीत होते. डफ आणि तुणतुण्यावर या मंडळींनी जो संताप मांडला तो चाळीतल्या खोलीत बसून कुणा वडीलधाऱ्याला सांगता येण्यासारखा नव्हता. सांगितला असता तर गप्प बस म्हटलं गेलं असतं. शाहिरीने त्याला पल्ला दिला, लोकांसमोर उभं राहायची हिंमत दिली, आणि कोरसमधून ‘आम्हीही आहोत’ असा जबाबही दिला. आज मुंबईचा एमसी मवाली किंवा अमरावतीचा १०० आरबीएच मराठीत रॅप करतात ते याच वाटेने. ‘गली बॉय’ २०१९ साली आला आणि रॅप म्हणजे झोपडपट्टीतून कारकिर्दीकडे जाणारा जिना, असं चित्र तयार झालं. माझ्या मते त्यातला मोलाचा भाग कारकीर्द नव्हे, सायफर आहे. चार-सहा पोरं गोल करून उभी राहतात, एक जण तोंडाने ठेका देतो, आणि पाळी येईल तसं प्रत्येक जण आपलं म्हणतो. बाकीच्यांनी त्याचं संपेपर्यंत ऐकायचं असतं. पौगंडावस्थेतल्या मुलांना सलग मिनिटभर कुणी मधे न बोलता ऐकून घेतं, अशा जागा आपल्या समाजात दुसऱ्या किती आहेत?

आता आवाजाचा मुद्दा. तो टाळून ढोलाविषयी लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. ध्वनिप्रदूषण नियमांत २००० सालापासून निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे, म्हणजे पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर मोजमाप करतात, तेव्हा आकडा बहुतेक वर्षी नव्वदीच्या वर असतो आणि काही वर्षी शंभरी ओलांडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ९० डेसिबलचा आवाज आठवड्याला चार तासांपेक्षा जास्त ऐकू नये. पथकातलं पोरगं रोज दोन-तीन तास त्याहून मोठ्या आवाजाच्या मधोमध उभं असतं, तेही कानात बोळे न घालता. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यात एका पथकातल्या वादकांची संख्या ३० वर आणली. ऐन गणेशोत्सवात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि शहरात जणू सण वाचल्याचा आनंद झाला. मला त्या आनंदात सामील होता येत नाही, आणि त्याचं कारण फक्त कान हे नाही. दीडशे ढोल एकदम वाजतात तेव्हा एका मुलाचा ढोल त्याला स्वतःलाही ऐकू येत नाही. तो चुकला तरी कळत नाही, त्याने काही नवं केलं तरी कळत नाही. अंगावर काटा येतो हे खरं. पण तो काटा प्रेक्षकाच्या अंगावर येतो तसाच वादकाच्याही, म्हणजे वादक त्या क्षणी प्रेक्षक झालेला असतो. तीसच्या आकड्यात शास्त्र किती आणि तडजोड किती यावर वाद घाला. मुलांच्या बाजूने पाहिलं तर लहान पथक जास्त उपयोगाचं, यात मला शंका नाही. परंपरा बुडेल असं म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की शे-दोनशे ढोलांची पथकं ही अगदी अलीकडची, शहरी गोष्ट आहे.

मोठ्या आवाजावाचून आणि प्रेक्षकांवाचूनही लय चालते, याचा दाखला शोधायला परदेशी जायची गरज नाही. दिंडीत ज्याला गाता येत नाही त्याच्याही हातात टाळ असतो. पखवाज मात्र शिकलेल्याकडेच; आळंदीला १९१७ साली स्थापन झालेल्या जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत मुलं तो बसून, वर्षानुवर्षं शिकतात. पण टाळ धरणाऱ्याला परीक्षा नाही, बक्षीस नाही. मागच्या रांगेतल्या पोराने पावली चुकवली तरी पुढच्याच्या पावलाकडे पाहून तो सावरतो. आणि दिंडीत मिशीवाले बाप्ये रडतात. कुणी त्यांना ‘पुरुष असून’ असं म्हणत नाही. ज्या गावात एरवी पुरुषाच्या डोळ्यांत पाणी चालत नाही, त्याच गावचे हे लोक असतात. भक्तीचा भाग यात अर्थातच आहे, तो काढून उरलेलं मोजता येणार नाही. तरीही रडण्याला परवानगी मिळते ती टाळांच्या त्या चौकटीत, हे नाकारता येत नाही.

शाळांनी करायचं ठरवलं तर फार खर्च नाही. बहुतेक जुन्या शाळांच्या अडगळीच्या खोलीत लेझमांचा गठ्ठा असतोच, गंजलेल्या साखळ्यांसकट. प्रजासत्ताक दिनाच्या आधी पंधरा दिवस तो बाहेर निघतो आणि पाहुण्यांसमोरची कवायत झाली की परत आत जातो. तोच गठ्ठा वर्षभर आठवड्यातून एक तास बाहेर राहू शकतो. डझन-दीड डझन मुलं, गोल, आणि पाळीपाळीने प्रत्येकाने एक ठेका द्यायचा, बाकीच्यांनी तो परत करायचा. कधी एकदम हळू वाजवायचं, कारण दबकं वाजवणं जोरात वाजवण्याहून अवघड असतं. शेवटची दहा मिनिटं कुठे जमलं, कुठे फसलं यावर बोलायचं, आणि मुलांना बोलायचं नसेल तर गप्प बसायचं. पहिलं सत्र तरी स्नेहसंमेलनात उभं करायचं नाही. ही शेवटची अट मुख्याध्यापकांना सर्वांत जड जाईल, कारण पालकांना दाखवता येत नाही ते आपल्या शाळांत चालू ठेवणं कठीण असतं. संगीत शिकवणारा शिक्षक नाही, ही अडचण खरी आहे, पण या कामाला रागदारी जाणणारा लागत नाही. ठेका धरता येणारा आणि मुलांना हिणवून न बोलणारा माणूस लागतो. यातला दुसरा गुण दुर्मीळ आहे. प्रशिक्षण द्यायचंच तर त्याचं द्यावं.

आणि काही मुलांना हा तास पुरणार नाही. संगीतोपचाराचा नैराश्यावर काय परिणाम होतो हे पाहणाऱ्या २०१७ च्या कॉक्रन आढाव्यात नऊ अभ्यास आणि ४२१ माणसं होती. नेहमीच्या उपचारांना संगीताची जोड दिली तर थोड्या काळासाठी फायदा होतो, एवढाच त्याचा निष्कर्ष होता, आणि त्यातही जोड हा शब्द महत्त्वाचा. महिनाभर झोप नसलेला, जेवण तुटलेला, जगायचं कशाला असं बोलणारा मुलगा ठेका उत्तम धरत असेल, तरी त्याला डॉक्टरकडे न्यायलाच हवं. किंबहुना गोलात रोज शेजारी बसणाऱ्यांना त्याच्यातला बदल आई-बापांच्या आधी दिसण्याची शक्यता जास्त. म्हणून पथकप्रमुखाच्या आणि लेझमीच्या शिक्षकाच्या फोनमध्ये तालुक्यातल्या मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर असावा. तो नसेल तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर तरी असावा. तिथे दिवसरात्र कधीही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.